देशाची बरणी

१६ जानेवारी

चि. टिल्लू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, ते तू ऐकलं असशील असं धरून चालते. सूनबाईचा खोकला गेला का? छोटीचे पुढचे दोन दात आले, की अजून फटीतून शिट्ट्या मारते? खालच्या मजल्यावरचे घरमालक आजोबा काठी टाकून चालायला लागले का? आणि ते मांजर, जे तुमचं नाही म्हणता पण दूध तुमच्याच घरी पितं, ते बरं आहे ना? इकडे तुझे बाबा, म्हणजे आमचे दादा, ठणठणीत. कान तेवढे पूर्ण गेले. पण कान गेल्यापासून माणूस फार सुखात आहे. मी बोलत राहते, ते हसत राहतात.

तुझ्या मिरी मंडळाचं पत्र पोचलं. परदेशी खरेदीदारांना दाखवायला आपल्या भागातल्या मिरीचा किलोभर नमुना पाठवा, असं त्यात होतं. खाली तुझी सही! दादांनी चष्म्यावर चष्मा लावून ती बघितली आणि म्हणाले, "पोराचं अक्षर अजून वाकडंच आहे."

आता परक्याच्या दारात जायचं तर तोंड धुऊन, भांग पाडून जावं, हे मी तुला लहानपणी शिकवलं. मग मिरीला वेगळा न्याय का? शेजारच्या सुतारानं एका फळीला भोक पाडून दिलं. जो दाणा भोकात बरोबर अडकेल तो ठेवायचा, सुळकन खाली पडेल तो पोचट म्हणून टाकायचा, वर राहील तो दांडगट म्हणून टाकायचा. मी, दादा आणि सुतारीण दुपारच्या दुपार ओसरीवर बसून होतो. पाच पोती उपसली तेव्हा एक किलो जमली. मग मलमलच्या फडक्यावर माझ्या डोक्याच्या तेलाचे दोन थेंब घेतले आणि दाणा दाणा पुसला. असे चमकतात म्हणतोस, जसे मुंगीचे डोळे! ते सगळं गोळ्यांच्या जुन्या बरणीत भरलंय. बरणीच्या तोंडाला एक टवका गेलाय, पण घरात तीच एक काचेची होती. सांभाळून उघड.

हे सगळं का, ते तुला सांगायला नको. चार वर्षांमागे तू आपल्या अंगणात खुर्चीवर उभा राहून बोललास, की परसात दोन वेल चढवून भागायचं नाही, रानच्या रान मिरीचं करा, देशाची मिरी बोटीतून जाईल, पहिलं पोतं आपलं असेल. लोकांनी तुझ्या तोंडाकडे बघून नाही, माझ्या तोंडाकडे बघून वेल लावले. सुतारानं तर रंधा खुंटीला टांगला. यंदा सगळ्यांचे वेल पहिल्यांदा घोसांनी लवलेत. तेव्हा तुझा शब्द म्हणजे माझं नाक आहे, एवढं ध्यानात असू दे.

सगळ्यांची खुशाली एकेकाची वेगळी लिही.

तुझी आत्या


४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. नमस्कार.

पित्त आटोक्यात आहे. घरमालक आजोबा काठी टाकून चालतात, पण काठी हातात नसल्यामुळे आता कुणावर काय उगारून बोलावं हे त्यांना कळत नाही, म्हणून ती पुन्हा घेतली आहे. मांजराला तीन पिल्लं झाली. तीही आमची नाहीत.

तुझ्या बरणीनं इथे धमाल उडवली! नऊ भागांतून नमुने आले होते. कुणाच्यात देठं, कुणाच्यात धूळ, एकात तर चक्क सुतळीचा तुकडा. तुझी बरणी टेबलावर ठेवली आणि साहेब उभेच राहिले. परदेशी खरेदीदार बाईंनी फोटो बघून सांगितलं की त्यांना हुबेहूब अशीच हवी, पूर्ण कंटेनर भरून. मंडळानं ठराव करून तुझी बरणी हाच देशाचा अधिकृत नमुना ठरवला आहे. आता देशभरातली मिरी त्याच्याशी ताडून घेतली जाईल.

दाणा दाणा भोकातून काढला म्हणे! पाच पोती उपसली म्हणे! आत्या, पत्र वाचून मी खूप हसलो. विहिरीत घोड्याएवढा बेडूक बघितलेली तू. तुझ्या गोष्टीतलं मीठमसाल्याचं प्रमाण मला पाठ आहे. पण मिरी खरोखर उत्तम सुकवली आहेस, हे मात्र मान्य.

तुमच्याकडे लवकरच खरेदी केंद्र उघडेल. परिपत्रकं येतील, त्याप्रमाणे सगळ्यांना करायला सांग.

तुझा टिल्लू


२३ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. देशाचा नमुना म्हटल्यावर सुतारीण माझ्याकडे असं बघायला लागली जशी मी आत्ताच बोटीतून उतरलेय. सुतार म्हणाला, "आत्याबाई आता आमच्या डोक्यावर मिरी वाटणार!" मी म्हटलं, "वाटेन, पण आधी ती वाळू दे."

बेडूक घोड्याएवढा नव्हता, शिंगराएवढा होता. ते जाऊ दे.

आता माझा गोंधळ ऐक. पहिलं परिपत्रक आलं: तोडलेली मिरी उकळत्या पाण्यात टोपलीनं बुडवून काढा, म्हणजे एकसारखी काळी होते. आम्ही चुली पेटवल्या. दुसरं आलं: उकळत्या पाण्यात बुडवू नका, खरेदीदारांना ते चालत नाही. चुली विझवल्या. मग तिसरं: काही घोस वेलीवरच लाल होऊ द्या, त्यांची साल काढून पांढरी मिरी करा. परवा चौथं आलं. त्यात लिहिलंय, पहिल्या परिपत्रकाकडे दुर्लक्ष करू नये. म्हणजे बुडवायची की नाही? सुतार म्हणतो, अर्धी टोपली बुडवू, म्हणजे दोघांचं मन राहील.

एकाच वेलीची चार पोरं, काळं, पांढरं, हिरवं, लाल, आणि मंडळाला रोज वेगळं पोर आवडतं. आम्ही आईबाप बिचारे कुणाला नटवावं? तू एकदा सरळ सांग. तुझ्या सरळ सांगण्यावरच तर हे सगळं उभं आहे.

आणि अरे, तुझ्या पत्रात काठीला दोन ओळी, मांजराला दोन ओळी. सूनबाईच्या खोकल्याचं काय? छोटीच्या दातांचं काय? मी विचारलं होतं. पान उलटून बघितलं, मागेही काही नव्हतं.

दादा म्हणतात, बरणीबद्दल पुन्हा वाच. पाचव्यांदा वाचलं. ऐकू येत नाही तरी मान डोलावतात.

लवकर लिही.

आत्या


१० मार्च

ती. आत्यास नमस्कार.

घाईत आहे. साहेब दौऱ्यावर, सगळं माझ्यावर. चौथं परिपत्रक पाचव्यानं रद्द झालंय, ते पोचेल. थोडक्यात, बुडवा. पांढरीचं यंदा सोडा.

गोंधळ वाटतो, पण तो वाढीच्या वयातला आहे. राष्ट्रीय उद्योग उभा राहताना असं होतंच. केंद्रावर तपासनीस पाठवला आहे, हुशार आहे. बोट ठरली आहे. साहेब परवाच म्हणाले, पहिला कंटेनर वेळेवर गेला की मला नोकरीत कायम करतील.

घरी सगळं उत्तम. सगळे मजेत. काळजी करू नकोस.

टिल्लू


२२ मार्च

चि. टिल्लू,

आज आशीर्वाद शेवटी लिहिते, आधी हे वाच.

काल केंद्रावर माल घातला. जुन्या गोदामात पंखे लावलेत, वजनकाटा आहे, टेबलावर पांढरा कपडा. बाहेर सुतार, त्याची बायको, वरच्या आळीतले सगळे, पोती घेऊन रांगेत. मला पुढे काढलं, म्हणाले, "देशाच्या नमुन्याचा मान पहिला." मीही तोऱ्यात गेले.

तुझा तपासनीस खरंच हुशार आहे, चेहऱ्यावरूनच कळतं, बिचाऱ्याला झोप नाही. त्यानं माझ्या पोत्यात हात घालून मूठभर मिरी कपड्यावर पसरली. चाळणीतून काढली. लिटरच्या मापात भरून तोलली. मग कपाटातून एक पेटी काढली, तिच्यातून बरणी काढली, तिच्यातली चिमूटभर शेजारी ठेवली. आणि म्हणाला, "आजी, माफ करा. नमुन्याशी जुळत नाही."

मी म्हटलं, "कुठल्या नमुन्याशी?"

"देशाच्या."

मी वाकून बघितलं. बरणीच्या तोंडाला टवका होता.

"अरे बाळा," मी म्हटलं, "ही माझीच बरणी आहे. ही माझ्याच वेलीची मिरी आहे. हे पोतंही त्याच वेलीचं आहे."

तो म्हणाला, "असेल आजी. पण ही त्या मिरीसारखी नाही."

टिल्लू, मला हसावं की रडावं कळेना. माझीच मिरी मला ओळख देईना! मागून सुतार ओरडला, "आत्याबाई, नमुन्यालाच नापास केलं, मग आम्हाला काय फाशी?" लोक हसले. पण ते हसणं लवकर संपलं. माझ्यामागे एकेकाचं पोतं उघडलं आणि एकेकाचं बांधलं. एकही पास झालं नाही. सगळी पोती गोदामाच्या भिंतीशी पडलीत आणि हवा दमट आहे. बुरशी धरली की चार वर्षं गेली.

परतताना सगळे माझ्या पुढे निघून गेले. सुतारीण नेहमी माझ्या पिशवीचा एक बंद धरते, तिनं काल धरला नाही.

आता सांग, पोतं खोटं की बरणी खोटी? दोन्ही माझीच आहेत. मला काही उमजत नाही.

आशीर्वाद.

आत्या


३० मार्च

ती. आत्यास,

इतर आठ केंद्रांवर बरणीतली मूठमूठ मिरी पाठवली होती, तिथूनही हेच कळलंय. देशभरात एक पोतं पास नाही. साहेब मला विचारतात, नमुना ज्या बाईंनी दिला त्यांचाही माल नापास कसा? मी काय सांगू?

आत्या, खरं सांग. तू ते खरंच केलं होतंस? फळीचं भोक? पाच पोती? मला वाटलं तू नेहमीप्रमाणे फुगवून सांगतेयस. आणि तेल? डोक्याचं तेल? हे तू मला आधी का सांगितलं नाहीस? म्हणजे सांगितलंस, मला माहीत आहे, सांगितलंस. पण असं का केलंस? नमुना म्हणजे जसं आहे तसं, गं! सगळ्या पोत्याची साक्ष एका मुठीनं द्यायची असते.

कुणाजवळ बोलू नकोस. साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. खरेदीदार बाई वीस तारखेला स्वतः येतायत. एक उपाय सुचतो. सगळ्या भागातल्या सगळ्या बायका बसवल्या, प्रत्येक घरी एक फळी दिली, आणि सगळी पोती तशीच निवडून काढली, तर? तेल सोडून. कंटेनर भरेल का? तू करून बघ आणि लगेच कळव.

घरी सगळे ठीक.

टिल्लू


८ एप्रिल

चि. टिल्लू यास अनेक आशीर्वाद. पित्त वाढलं असणार. कोमट पाणी पी.

तू म्हणालास म्हणून करून बघितलं. मीच दारोदार गेले. वाटलं होतं कुणी यायचं नाही, पण आल्या सगळ्या. सुतारानं पुन्हा रंधा खाली काढला आणि घरटी एक फळी करून दिली. म्हणाला, "मिरीनं माझा धंदा बंद केला होता, मिरीनंच चालू केला." दोन दिवस ओसरीवर नुसता टपटप आवाज. संध्याकाळी सगळ्यांचं मिळून एक लहान पोतं झालं आणि टाकलेल्याचा ढीग दारापेक्षा उंच. सुतारीण कंबर धरून उठली आणि म्हणाली, "आत्या, हा कंटेनर भरेल तेव्हा बोट चालवायला माझा पणतू लागेल. आणि हे टाकलेलं काय करायचं? ते काय मिरी नाही?"

ढिगाकडे बघत बसले. चांगली मिरी होती रे. थोडी लहान, थोडी मोठी, सुरकुतलेली. चावली तर डोळ्यांतून पाणी आलं. ती नापास का, ते मला सांगता येईना.

तेव्हा मी सुतारिणीला म्हटलं, डोळे मीट आणि नापास पोत्यात हात घाल. कोपरापर्यंत. जे आलं ते दुसऱ्या एका डब्यात भरलं. देठ आला तर देठ, पोचट आली तर पोचट. तो डबा या पत्राबरोबर पाठवतेय. दादांनी वरचा एक देठ हळूच उचलला होता, मी तो परत टाकायला लावला. हा डबा त्या बाईंच्या पुढे ठेव. बरणीच्या शेजारी. आणि सांग, बरणी माझ्या आत्यानं पाठवली होती, डबा पोत्यानं पाठवलाय.

यात तुझी नोकरी कायम होईल की जाईल मला कळत नाही. माझं नाक राहील की जाईल तेही कळत नाही. पण पोती दमट होतायत, एवढं कळतं.

आणखी एक. रागावू नकोस. डबा भरताना तुझी जुनी पत्रं आठवली. "घरी सगळं उत्तम." "सगळे मजेत." "घरी सगळे ठीक." एकसारखी, गोल, चमकणारी. टिल्ल्या, कुठल्या फळीतून काढतोस रे ती? पाच पोत्यांमागे एक ओळ पाठवत असणार तू. भांग पाडून ये हे मी शिकवलं, पण ते परक्याच्या दारात. घरी तू विस्कटलेला आलास तर चालतोस.

बाई येऊन गेल्या की लिही. हात कोपरापर्यंत घालून लिही.

आत्या


२६ एप्रिल

ती. आत्यास,

बाई आल्या. मी साहेबांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हीच बोला त्यांच्याशी."

मी केंद्रावरून मागवलेली बरणी आणि तुझा डबा शेजारी ठेवले. बाईंनी दोन्हीतले दाणे कागदावर ओतले, वास घेतला, चावले. बरणीतला दाणा पुन्हा हुंगून विचारलं, हा वास कसला? दुभाष्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझ्या आत्याच्या केसांचा." दुभाष्या म्हणाला, "हे मी सांगणार नाही." पण मी सांगायला लावलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेल लागलेली मिरी आमच्या बंदरातूनच परत आली असती. मग डब्यातला दाणा चावून डोळे मिटले आणि म्हणाल्या, ही मिरी आहे.

पण पहिल्या प्रतीची नाही. दोन-तीन उन्हं द्या, देठं झाडा, पोचट पाखडा, दुसऱ्या प्रतीत घेते. त्यातही अर्धाच कंटेनर, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. म्हणजे काही पोती जातील, पण सगळी जाणार नाहीत. कुणाची राहतील ते मला ठाऊक नाही. साहेबांनी मला कायम केलं नाही, काढलंही नाही. सध्या तुझा डबा देशाचा नमुना आहे. आम्ही जिंकलो की हरलो, मला खरंच कळलेलं नाही.

आता कोपरापर्यंत हात.

तुझी सूनबाई नोव्हेंबरपासून तिच्या आईकडे आहे. छोटीही. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, मिटवता आलं असतं. मी घरी असलो तरी मंडळातच असायचो. तिनं एकदा विचारलं, "आज कसे आहात?" मी म्हणालो, "प्रगती समाधानकारक." तिनं पुढच्या आठवड्यात बॅग भरली. तुला काय लिहावं ते सुचेना, म्हणून मांजराचं लिहीत होतो. पिल्लं आता मीच पाळलीयत. घरात कुणीतरी आवाज करायला हवं.

छोटीचे दात आले की नाही, मला माहीत नाही.

टिल्लू


४ मे

चि. टिल्लू यास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. देठं होती, खडे होते, पोचटही होतं. चावून बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे खरं होतं.

दादांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा वाचायला घेतलं, तर हात वर करून म्हणाले, "कळलं." आणि मग बराच वेळ हसले नाहीत.

सगळं अंगण काळं झालंय, पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांची पोती उन्हात एकत्र पसरलीत. कुणाची जाणार आणि कुणाची राहणार यावर रोज भांडण होतं. सुतार म्हणतो, एकाच ढिगातून भरू, जे राहील ते सगळ्यांचं राहील. त्याची बायको म्हणते, आधी माझं भरा, मग सगळ्यांचं. बरोबर कोण ते मला सांगता येत नाही, पण काल बाजारातून येताना तिनं माझ्या पिशवीचा बंद धरला होता.

देशाची जुनी बरणी रिकामी झाली की परत पाठव. मिठाला हवी आहे.

आता माझं ऐक. मला लिहिलंस तसंच पत्र सूनबाईला लिही. भांग न पाडता. प्रगतीबिगती नको. छोटीचे दात आले का, एवढं जरी विचारलंस तरी सुरुवात होईल. तिचं उत्तर येईल की नाही, आलं तर कसं येईल, मला नाही माहीत. मिरीचं मला थोडंफार समजतं, माणसांचं नाही.

पण लवकर लिही. मला नंतर लिहिलंस तरी चालेल. आधी तिला.

तुझी आत्या